दादानं मांडीवर नेलेली बरणी

2023 च्या जुलैत तिसऱ्या रेल्वे गेटजवळ माझी स्कूटी घसरली. बेळगावच्या पावसात रस्ता कुठला आणि खड्डा कुठला ते कळत नाही, त्यात मागं साड्यांचा गठ्ठा बांधलेला. उजव्या कुशीवर पडले. गठ्ठा वाचला, पण दोन दिवसांनी श्वास घेतला की बरगडीत कळ यायला लागली. आमचे हे म्हणाले, फोटो काढूया, एकदा काय ते कळू दे. बरगड्या धडधाकट निघाल्या. फोटो बघणारे डॉक्टर मात्र बरगड्यांबद्दल बोलेनात. खोकला आहे? नाही. वजन उतरलंय? उलट वाढलंय. थुंकीतून रक्त? नाही हो. मग त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि पेनानं दाखवलं. दोन्ही फुप्फुसांत गोल गोल पांढरे डाग, वाटाण्याएवढ्यापासून आवळ्याएवढ्यापर्यंत.

मी तेव्हा 46 वर्षांची. वडगावात आमचे चार माग आहेत, मी हिशेब बघते आणि फॉल-पिको करते. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत बसलेय. विडीला कधी हात लावला नाही. हे आधीच सांगते, कारण पुढच्या चार महिन्यांत हा प्रश्न मला दहा जणांनी तरी विचारला.

आपल्याकडं छातीत काही दिसलं की पहिला संशय टीबीचा. त्यात चूक काही नाही, पण संशय आणि निदान यात फरक असतो. मला खोकलाच नव्हता, तर बेडका कुठून आणू? डबी रिकामीच परत गेली. तरी एका दवाखान्यात गोळ्या चालू झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली आणि मी न्हाणीघरात उभ्या उभ्या घाबरले, कारण असं होणार हे कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीनं मोबाईलवर शोधून सांगितलं, आई, तो गोळीचा रंग आहे. फोडणीचा वास आला की उलटी. चोवीस दिवस हे चाललं. नणंदेनं तोवर माझी ताटवाटी वेगळी केली होती, मला न सांगता. तेही बोलून दाखवलं नाही मी कधी, आज इथं लिहितेय.

पंचविसाव्या दिवशी दुसऱ्या छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी फोटो पाहिला, गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि पाकीट बाजूला ठेवलं. म्हणाले, आधी सीटी करूया.

सीटीच्या बोगद्यात तिथला पोरगा काचेपलीकडून कानडीत सांगत होता, ‘उसिर हिडीरी’, मग ‘बिडरी’. श्वास धरा, सोडा. घरी आम्ही मराठी, मागावरची माणसं निम्मी कानडी, त्यामुळं अडचण नव्हती. पण शेजारच्या बाकावर कोकणातून आलेली एक म्हातारी होती, तिला ‘बिडरी’ म्हणजे काय ते मी सांगितलं, नाहीतर ती श्वास धरूनच बसली असती. रिपोर्टात नऊ गाठी. सगळ्या गोल, कडा स्वच्छ, आत चुना नाही, सगळ्यांत मोठी 2.1 सेंटिमीटर. आणि खाली तो शब्द होता, मेटास्टॅसिस. म्हणजे दुसरीकडून पसरून आलेली.

मग ‘दुसरीकडचं’ घर शोधायला सुरुवात झाली. स्तनांची मॅमोग्राफी, गळ्याची आणि पोटाची सोनोग्राफी, वरून दुर्बीण, खालून दुर्बीण. काहीच सापडेना. काही न सापडणं ही चांगली बातमी असते असं वाटेल, पण तसं नसतं. दर वेळी ‘नॉर्मल’ आलं की डॉक्टरांचा चेहरा आणखी गंभीर. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी अंगावर, व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली, आणि हे माग बंद करून माझ्याबरोबर फिरतायत. सासूबाईंनी कपिलेश्वराला अभिषेक बोलून ठेवला.

या सगळ्या फॉर्मांवर एक रकाना असायचा, पूर्वी झालेली ऑपरेशनं. मी दर वेळी सांगत होते, 2012 साली पिशवी काढलीय. लिहून घेणारा लिहून घ्यायचा आणि पुढच्या रकान्यावर जायचा. आपल्याकडं पिशवी काढलेल्या बायका इतक्या, की तो रकाना भरूनही कुणाला दिसत नाही. (क्षुल्लक कारणानं पिशव्या काढायच्या थांबवा, त्यासाठीची नियमावली लागू करा, असं सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना 2023 च्या एप्रिलमध्ये सांगितलं होतं. माझी मात्र खरंच गरजेची होती. रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन सहावर आलं होतं, दोन बाटल्या चढवल्या तेव्हा टेबलावर घेतलं.)

शेवटी बायोप्सी. पोटावर पालथं झोपवून, सीटीत बघत बघत, पाठीतून सुई. बधिर केलेलं असतं, दुखत नाही फारसं, पण आत ‘टक्’ असा आवाज होतो, स्टेपलर मारल्यासारखा. तो आवाज तीन वेळा झाला. नंतर चार तास हलायचं नाही, फुप्फुसातून हवा बाहेर फुटली नाही ना ते बघायला परत फोटो. थोडी फुटली होती, ती आपोआप जिरली.

पाच दिवसांनी फोन आला. छातीच्या डॉक्टरांचा नव्हे, पॅथॉलॉजीच्या मॅडमचा. मूळच्या खानापूरच्या, आमच्यासारखंच बोलणाऱ्या. पहिला प्रश्न, ‘‘तुमची पिशवी काढलीय काय?’’ मी म्हटलं, होय. ‘‘गाठी होत्या म्हणून काढली काय?’’ होय, तीन होत्या. ‘‘अंडाशयं ठेवलीत?’’ होय, ठेवलीत म्हणाले होते. पलीकडं क्षणभर शांतता, मग त्या म्हणाल्या, ‘‘उद्या येऊन जावा की. घाबरू नका, कॅन्सर दिसत नाही. पण मला तुमची जुनी गाठ पाहिजे.’’

जुनी गाठ! अकरा वर्षांपूर्वी काढलेली गाठ कोण ठेवतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. गुलाबी रंगाचे लांबट धागे, पुंजक्या-पुंजक्यांनी एकमेकांत विणलेले. एक पुंजका उभा, दुसरा आडवा. मी म्हटलं, हे विणल्यासारखं दिसतंय. त्या हसल्या. हे गुळगुळीत स्नायूचे धागे, म्हणाल्या. असा स्नायू गर्भाशयात असतो, आतड्यात, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो. फुप्फुसात गोळा होऊन वाढायचं त्याला काही कारण नाही. मग त्यांनी आणखी काचा दाखवल्या. त्यावर वेगवेगळे रंग चढवले होते, कुठल्या रंगाला पेशी ‘हो’ म्हणतात ते बघायला. स्नायूच्या खुणा, म्हणजे डेस्मिन आणि एसएमए, दोन्ही गडद. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं पेशीत जिथं चिकटतात ते ग्राहक, तेही गडद. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. या पेशी बाईच्या संप्रेरकांचं ऐकतात, गर्भाशयातल्या गाठी ऐकतात तशा. एचएमबी-45 नावाचा रंग चढला नाही, म्हणजे फुप्फुसातला तसल्याच स्नायूचा दुसरा एक आजार, लॅम, तो नव्हे. आणि विभागणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीत, मेलेला भाग नाही, वेडेवाकडे केंद्रक नाहीत. सार्कोमा, म्हणजे स्नायूचा कॅन्सर असता तर हे सगळं दिसलं असतं.

आजाराचं नाव बिनाइन मेटास्टसायझिंग लायोमायोमा. लायोमायोमा म्हणजे गुळगुळीत स्नायूची गाठ. ‘साधी’ आणि ‘पसरणारी’, दोन्ही एकाच नावात. 1939 साली पॉल स्टायनर यांनी अशी केस लिहिली, तेव्हापासून डॉक्टर लोक या नावावर भांडतायत. पसरते तर साधी कशी, आणि साधी तर पसरली कशी? मला विचाराल तर भांडण रास्त आहे. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, साधीच गाठ आहे, पण पसरलीय. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे नेमकं काय गं?’’ माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मॅडमना जुनी गाठ दोन कारणांसाठी हवी होती. एक, 2012 मध्ये ती खरंच साधी होती की नजरेतून सुटलेला सार्कोमा होता, ते परत बघायला. दुसरं कारण त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्या एक टिपण लिहीत होत्या. फुप्फुसातली गाठ आणि पिशवीतली गाठ एकाच पेशीची लेकरं आहेत का, हे त्यांना जनुकांवरून बघायचं होतं. बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत ते होणार होतं, खर्च आमच्यावर नव्हता. संमतीचा कागद कानडीत आणि इंग्रजीत होता. मी म्हटलं, मराठीत नाही काय? नव्हता. मग त्यांनीच ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवला, आणि मी मराठीत सही केली.

आता गाठ शोधायची.

ऑपरेशन माहेरी झालं होतं, निपाणीकडच्या एका नर्सिंग होममध्ये. फाईल आमच्याकडं होती, पण 2019 च्या पुरात दादाच्या घरात पाणी शिरलं त्यात गेली. नर्सिंग होम बंद झालेलं, डॉक्टर मुलाकडं निघून गेलेले, इमारतीत आता मोबाईलचं दुकान. तिथल्या एका जुन्या नर्सला गाठलं. ती म्हणाली, कागद सगळे रद्दीत गेले ताई.

दादाला फोन केला तो नुसता रडगाणं सांगायला. तो म्हणाला, ‘‘अगं, कागद गेले असतील. पण गाठ मीच नेली होती की कोल्हापूरला.’’

आणि मग त्यानं जे सांगितलं ते मला अकरा वर्षांत माहीतच नव्हतं. मी शुद्धीवर यायच्या आधी डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं होतं. स्टीलच्या ट्रेमध्ये माझी पिशवी. त्यातली मोठी गाठ मोसंब्याएवढी, दुसरी लिंबाएवढी, तिसरी सुपारीएवढी. डॉक्टर म्हणाले, हे तपासायला पाठवायचंय, आज माणूस नाही, तुम्हीच नेता काय? लोणच्याच्या बरणीसारखी पांढरी प्लास्टिकची बरणी, फिरकीचं झाकण, आत ते औषधी पाणी, वर चिकटपट्टीवर माझं नाव. दादानं ती पिशवीत घातली आणि निपाणीहून कोल्हापूरच्या एसटीत बसला. गाडीत गर्दी. खाली ठेवली तर कुणाचा पाय लागेल, वर ठेवली तर पडेल, म्हणून पूर्ण वाट मांडीवर धरून. झाकणातून फॉर्मालिनचा वास यायला लागला. शेजारचा माणूस म्हणाला, काय ओ, मासे काय? दादा म्हणाला, औषध आहे. ‘‘डोळ्यांत पाणी येत होतं,’’ दादा म्हणाला, ‘‘वासानं म्हण, नाहीतर कशानं म्हण.’’ प्रयोगशाळेचं नाव त्याला आठवत नव्हतं. जिना आठवत होता. खाली भांड्यांचं दुकान, बाजूनं लाकडी जिना, वर लाल अक्षरांची पाटी.

पुढच्या मंगळवारी आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. भांड्यांचं दुकान होतं, लाकडाच्या जागी फरशीचा जिना झाला होता. वरच्या मुलाला दादानं तारीख सांगितली. तो म्हणाला, एवढं जुनं रजिस्टर वर माळ्यावर. आम्ही म्हटलं, बसतो आम्ही. दोन तास बसलो. रजिस्टरात माझं नाव सापडलं, त्यापुढं एक नंबर, आणि त्या नंबरावरून पुठ्ठ्याच्या लांब ड्रॉवरमधून दोन वड्या निघाल्या. ब्लॉक म्हणतात त्याला. काडेपेटीहून जरा लहान प्लास्टिकची जाळीदार चौकट आणि तिच्यावर मेणात बसवलेला मांसाचा फिकट तुकडा, नखाएवढा. कडेला पेन्सिलीनं नंबर. एकावर ए, दुसऱ्यावर बी. ए मोठ्या गाठीचा, बी लिंबाएवढीचा. सुपारीएवढीचा तुकडा कुणी घेतलाच नव्हता.

मी तो बी हातात धरला. माझ्याच अंगातलं ते. थंड, गुळगुळीत, देवघरातल्या मेणबत्तीसारखं. मुलानं रजिस्टर पुढं केलं. कुणी नेले, कशासाठी नेले, परत कधी. ‘कशासाठी’च्या खाली मी ‘तुलनेसाठी’ लिहिलं. वाटेत दादा सारखा विचारत होता, मेण वितळणार नाही ना? हे मेण साठेक अंशाला वितळतं, गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवू नका म्हणजे झालं, असं मुलानं सांगितलं होतं. तरी दादानं ते डब्याच्या पिशवीत घातले आणि पिशवी परत मांडीवर घेतली.

सार्कोमाची भीती दोन दिवसांत गेली. मॅडमनी दोन्ही ब्लॉकच्या नव्या चकत्या कापून बघितल्या. दोन्ही साध्याच होत्या. पुढचं मात्र सात आठवडे चाललं. त्या काळात मी मॅडमना इतक्या वेळा भेटले, की शेवटी त्यांनी मला शिकवायलाच घेतलं. मला कळलं तसं सांगते.

आमच्या घरात जकार्डचे माग आहेत. पदरावरची नक्षी पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून उठते. एखाद्या कार्डाचं भोक फाटलं, की त्या मागावरच्या प्रत्येक साडीत, पदराच्या त्याच जागी, तोच धागा चुकतो. आमच्या ह्यांच्यापुढं दोन साड्या टाका, चूक बघून ते सांगतात, या एकाच मागावरच्या. मॅडमनी विचारलं होतं, दोन गाठी एकाच पेशीच्या आहेत हे कसं ओळखायचं, आणि मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर, आम्ही चूकच शोधतो.

पहिली खूण म्हणजे चूक नव्हे, बाईच्या अंगाची रीत आहे. आपल्या प्रत्येक पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, एक आईकडचं, एक बापाकडचं. आपण पोटात असतानाच प्रत्येक पेशी त्यातलं एक बंद करते. कुठलं करायचं ते ती पेशी आपली आपण ठरवते, आणि तिची पिल्लं पुढं तेच पाळतात. 1961 साली मेरी लायन यांनी हे मांडलं. म्हणून निरोगी स्नायूचा तुकडा घेतला तर दोन्ही प्रकारांची सरमिसळ सापडते. एकाच पेशीपासून वाढलेल्या गाठीत मात्र सगळीकडं तेच एक बंद असतं. माझ्या फुप्फुसातल्या गाठीत तसंच निघालं. म्हणजे गाठ एका पेशीची. पण कुठल्या?

ब्लॉक ए तपासला. मोसंब्याएवढी, रक्त पाडणारी, जिच्यामुळं पिशवी गेली ती. मला खात्री होती हीच असणार. पण तिच्यात दुसरं एक्स बंद होतं. शिवाय तिच्यात मेड-12 नावाच्या जनुकात एक अक्षर बदललेलं निघालं. 2011 साली फिनलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की गर्भाशयातल्या दहापैकी साताएक गाठींत हेच जनुक बिघडलेलं असतं. फुप्फुसातल्या गाठीत हा बिघाड नव्हता. म्हणजे मोठी गाठ यातून सुटली. अकरा वर्षं मी जिला शिव्या घातल्या ती निर्दोष.

इथं मला पहिल्यांदा कळलं, की एका पिशवीतल्या तीन गाठी बहिणी नसतात. शेजारणी असतात. प्रत्येक वेगळ्या पेशीतून, वेगळ्या चुकीनं उठलेली.

मग ब्लॉक बी. त्यात फुप्फुसातल्यासारखंच एक्स बंद होतं, मेड-12 धड होतं. मी टाळी वाजवायच्या बेतात. मॅडम म्हणाल्या, थांबा. दोन नाणी उडवली तर निम्म्या वेळा दोन्हींवर सारखंच पडतं, एवढ्यानं कोर्टात टिकणार नाही. खरी साक्ष शेवटच्या चाचणीनं दिली. त्यात सगळी गुणसूत्रं चाळून कुठं तुकडा कमी किंवा जास्त आहे ते बघतात. फुप्फुसातल्या गाठीत 19 व्या आणि 22 व्या गुणसूत्रांच्या लांब बाहूंची टोकं तुटलेली होती, जोडीपैकी एकेकावरची. ब्लॉक बीमध्येही तीच दोन टोकं, त्याच जागी तुटलेली. साडी त्याच मागावरची होती.

या दोन टोकांची गोष्ट मॅडमना अपेक्षित होती. 2007 साली अमेरिकेतल्या एका गटानं या आजाराच्या पाच बायकांच्या गाठी तपासल्या होत्या, पाचही जणींत 19 आणि 22 चीच टोकं गेलेली. गर्भाशयातल्या साध्या गाठींत अशी तूट फार थोड्यांत दिसते. म्हणजे पिशवीत असतानाच काही गाठी जरा वेगळ्या असतात. दिसायला साध्या, पण प्रवासाची पिशवी भरून ठेवलेल्या. सगळ्याच रुग्णांत हीच तूट सापडते असं नाही, काहींत वेगळे बदल निघालेत, हेही त्यांनी सांगितलं.

गाठ गेली कशी? बहुतेक रक्तातून. गर्भाशयाच्या शिरा मोठ्या, पेशींचा पुंजका शिरेत शिरला तर हृदयातून थेट फुप्फुसाच्या बारीक जाळ्यात येऊन अडकतो. ऑपरेशनच्या धक्क्यानं पेशी सुटतात असंही म्हणतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात गाठीचे बारीक तुकडे करायचं यंत्र वापरतात, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध खात्यानं 2014 मध्ये इशारा दिला होता. पण माझं पोट उघडून केलेलं ऑपरेशन, तिथं यंत्र नव्हतं. आणि 1939 साली कुठलं आलंय यंत्र? काहींचं जुनं मत असं, की गाठ प्रवास करतच नाही, संप्रेरकांमुळं फुप्फुसात तिथल्या तिथं नवा स्नायू वाढतो. माझ्या दोन ब्लॉकांसमोर ते मत टिकत नाही. सुई मात्र नऊपैकी एकाच गाठीत गेली. बाकीच्या आठही तिच्याच, असं मी धरून चालते.

हे सगळं ऐकताना माझ्या डोक्यात एकच होतं. मुलगी एकोणीस वर्षांची. तिला? तो प्रश्न मी ओट्याशी उभी राहून घरात दहा वेळा मनात म्हणून बघितला होता, तेव्हा कुठं तोंडातून निघाला. मॅडमनी उलट मलाच विचारलं, घरात कुणाला किडनीचा कॅन्सर? कुणाच्या अंगावर कातडीत दुखऱ्या बारीक गाठी? आई, मावशीला अगदी तरुणपणी पिशवीच्या गाठी? नाही, नाही, आईला होत्या पण पन्नाशीत. मग त्या म्हणाल्या, फ्युमरेट हायड्रेटेज नावाच्या जनुकाचा एक दोष खरंच आईबापाकडून येतो, त्यात या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. तुमचं तसं दिसत नाही. 19 आणि 22 ची टोकं तुमच्या एका पेशीत, तुमच्याच पिशवीत, तुम्ही मोठ्या झाल्यावर तुटली. ती लेकीकडं जात नाहीत. पिशवीच्या साध्या गाठी घराण्यात चालतात, पण त्या निम्म्याहून जास्त बायकांना होतातच. बाहेर आल्यावर मुलीला फोन लावला आणि विषय सोडून जेवलीस काय ते विचारलं.

उपचाराचं थोडक्यात. गाठी संप्रेरकांवर जगतात, म्हणून तीन वाटा सांगितल्या : अंडाशयं काढणं, महिन्याला इंजेक्शन देऊन त्यांना झोपवणं, किंवा नुसतं लक्ष ठेवणं. पाळी जायच्या वयात या गाठी पुष्कळदा आपोआप थांबतात, काहींच्या आकसतात. मला त्रास काहीच नव्हता, श्वासाची चाचणी चांगली. मी लक्ष ठेवायचं निवडलं. आणखी एक पोट उघडणं मला नको होतं, हे खरं कारण. पिशवी नसलेल्या बाईला पाळी गेली हे कळतं कसं, हा एक गमतीचा प्रश्न. कानशिलं तापतात, रात्री घामानं उशी ओली होते, आणि रक्तात एफएसएच नावाचं संप्रेरक वाढतं. सहा महिन्यांच्या सीटीत नऊच्या नऊ होत्या तेवढ्याच. वर्षाच्या सीटीत मोठी 2.1 वरून 1.9. एफएसएच चढायला लागलंय. नणंदेला मी हे आकडे पाठवले, तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

ब्लॉक परत करायला दादा आणि मी गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गेलो. मॅडम म्हणाल्या होत्या, आपल्या कामापुरतं कापून घेतलंय, उरलेलं जिथलं तिथं जाऊ दे, परत कधी लागेल सांगता येत नाही. जिन्याच्या वर तोच मुलगा. त्यानं ड्रॉवर ओढला, ए आणि बी मूळ जागी बसवले आणि रजिस्टर पुढं केलं. तुलनेसाठी, माझ्याच अक्षरात. त्यापुढं परत मिळाल्याची तारीख आणि शेवटी एक अरुंद रकाना, शेरा. मी पेन टेकवलं आणि ‘बी जुळला’ असं लिहायला लागले.

‘‘काकू,’’ तो म्हणाला, ‘‘तिथं काही लिहायचं नसतं. सही करा नुसती.’’